चारही कॉइल बदलायची घाई नको
तुमच्या मेकॅनिकने चारही इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) बदला म्हटलं, पण थोडं थांबा. स्कॅनरवर पी ०३०२ हा दोषाचा कोड आलाय, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड झालं की दोनची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा आणि गाडी पुन्हा चालवून बघा. आता पी ०३०३ आला तर दोष त्या कॉइलमध्येच, एकच बदला. कोड दोनवरच राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल करा. मग इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारा) तपासा, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब.

माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात हेच झालं. कॉइल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात पाणी, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ. ठिणगी टोकाला न जाता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर उतरत होती. प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही बदललं. ते जुनंच ठेवलं तर नव्या प्लगवरही तशीच रेघ पडते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र कृपा करून गाडी रस्त्यावर काढू नका, जागेवरच थोडा वेळ चालू ठेवून तपासा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट आहे.

अदलाबदल केल्यावर कुठला कोड आला ते इथे कळवा.