अनुभव धागा : व्हॅन, कुत्रा आणि नॅशनल पार्क

भटकभवानी
व्हॅन विकली. आज सकाळी ताबा द्यायच्या आधी आतून पुसत होते, तर सरकत्या दाराच्या खाचेत वाघ्याच्या केसांचा पुंजका सापडला. त्यात एक काटा. वाघ्याला जाऊन दोन वर्षं होतील. फडकं हातात तसंच राहिलं. म्हणून हा धागा.

काटा टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कचा. मार्च महिना होता. तिथे नियम सरळ आहे: गाडी जाईल तिथेच कुत्रा जाईल. ट्रेलवर नाही, नदीवर नाही. पट्ट्याची दोरी 6 फुटांपेक्षा लांब चालत नाही. त्या उन्हात त्याला व्हॅनमध्ये कोंडून दोघांनी जाणं शक्यच नव्हतं. मग पाळ्या लावल्या. सकाळी हा (नवरा) सांता एलेनाच्या दरीला, दुपार कलली की मी. ते 1500 फुटी कडे दोघांनीही पाहिले, पण एकत्र नाही. डोंगरातल्या चिसोस बेसिनच्या वळणांवर 24 फुटांपेक्षा लांब आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) नेऊ नका म्हणतात; आमची 19 फुटी, त्यामुळे निभावलं. तिथल्या लॉस्ट माइन ट्रेलला मी गेले, हा राहिला. अजून ऐकवतो.

रात्री रिओ ग्रांद व्हिलेजच्या तळावर वाघ्याला शेवटचं फिरवत होतो. हॅवेलिनांचा कळप आडवा आला. दिसायला रानडुकरासारखे, आणि वास त्यांच्या आधी पोचतो. आमचा वाघ नावाला जागला नाही. मागच्या मागे उडी मारली ती थेट फड्या निवडुंगात. ह्याने मांडीत घट्ट धरला, मी हेडलॅम्प लावून चिमट्याने एकेक काटा उपसत होते. मोठे निघतात हो, केसासारखी बारीक कुसं निघत नाहीत. काटे डब्याच्या झाकणात टाकत होते, चाळीसपर्यंत मोजले मग नाद सोडला. मॅरेथॉन गाव पार्कच्या मुख्य ठाण्यापासून 70 मैल, रात्री कुठे जाणार! मधेच त्याने माझा अंगठा चाटला.

लिहा तुम्हीपण.

रिकामटेकडा
पहिला! कुत्रा नाही, व्हॅन नाही. वाचतोय.

सदाफुली
अगं अंगठ्याशी रडवलंस. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

चहाबाज
कितीला गेली व्हॅन? सोलर होती का?

भटकभवानी
चहाबाज, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

उंडगा
स्कंक. एवढंच लिहिलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अकेडिया नॅशनल पार्कला गेलो होतो, कारण तिथे सुमारे 100 मैलांच्या ट्रेलवर कुत्रा चालतो. पाळ्याबिळ्या नाहीत, राजेशाही. आणि दुसऱ्याच रात्री साहेबांनी झुडपात तोंड घातलं, आत स्कंक, म्हणजे घाण वासाचा फवारा उडवणारा प्राणी. वास कसला? जळकं रबर अधिक सडका लसूण, आणि झोपायची जागा एकच. कुत्रा बाहेर, आम्हीही बाहेर. त्या वासावर टोमॅटोचा रस ही थाप आहे. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरभर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. ताजं कालवा, डोळे सांभाळा, पाच मिनिटांनी धुवा. उरलं तर ओतून द्या. बाटलीत बंद केलंत तर बाटली फुटेल.

सदाफुली
उंडगा, हे नवऱ्याच्या ट्रेकच्या सॉक्सना चालेल का?

उंडगा
रंग उडेल. सॉक्स फेका.

निवांत
माझा अनुभव हसण्यासारखा नाही. डेथ व्हॅली, नोव्हेंबर, बाहेर हवा छान. छतावरच्या पंख्यावर विसंबून कुत्रीला आत ठेवलं आणि पाणी भरायला गेले. रांग लागली. परत आले तर पंखा बंद, फ्यूज उडालेला, आणि ही दाराच्या फटीला नाक लावून धापा टाकतेय. ओलं फडकं पोटावर, पंजांवर ठेवलं, पाणी घोट घोट दिलं. वाचली. बाहेर 21 सेल्सिअस असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात 40 होतं, काच दोन बोटं खाली ठेवून काही फरक पडत नाही. हे मला आधी माहीत होतं. तरी गेले.

भटकभवानी
निवांत, अगं... नाव काय तिचं?

निवांत
शेवंता. आत्ता सोफ्यावर माझ्या जागेवर.

रिकामटेकडा
नॅशनल पार्कात कुत्रा नेऊच नये असं माझं मत. तिथली जनावरं आधी.

उंडगा
कुत्रा नाही, व्हॅन नाही, पण मत आहे :)

कोकणकन्या
रिकामटेकडा अगदी चुकीचं नाही बोलत. कोल्ह्यासारखे कोयोटी असतात, शिवाय कुत्र्याच्या वासाने जंगली प्राणी ती वाटच सोडतात. पण ज्यांना न्यायचंय त्यांनी व्हाइट सँड्स पार्कला जा, तिथे पट्ट्यावर ट्रेलवर चालतो. जिप्समची वाळू, साध्या वाळूसारखी तापत नाही. आमचं पांढरं कुत्रं तिथे दिसेना, नुसतं काळं नाक पुढे चाललेलं. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरच्या रिम ट्रेललाही चालतो, खाली दरीत मात्र नाही. पेट्रिफाइड फॉरेस्ट पार्कला तो 'बार्क रेंजर' झाला, म्हणजे नियम पाळणाऱ्या कुत्र्यांना मिळतो तो किताब. त्याचा बिल्ला आहे, माझ्याकडे कुठलाच नाही.

डांबरी रस्त्यावर आधी आपल्या हाताची मागची बाजू ठेवून बघा हं. पाच सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नका.

सदाफुली
आले. काय लिहिणार होते तेच विसरले. हां, घोरणं! व्हॅनमध्ये घोरण्यात आमचा बंड्या दुसरा. पहिला कोण ते विचारू नका. आणि त्या लोकांचं काय करायचं, शी पिशवीत भरतात आणि पिशवी ट्रेलच्या खांबाला लटकवून जातात? रेंजर काय झाडावरून फळं उतरवायला येणार?

कोकणकन्या
सदाफुली, जेवतेय गं मी.

भटकभवानी
व्हॅन घेणाऱ्याचा आत्ताच मेसेज आला. दाराला आतून ओरखडे आहेत ते कसले, विचारतोय. हा म्हणतो, कळव त्याला, वाघाचे.

चहाबाज
म्हणजे सोलर होती की नव्हती?