नुसत्या फोटोवरून नवी प्रजाती ठरत नाही
फोटो स्पष्ट असताना नवी प्रजाती जाहीर करायला इतका वेळ का लागतो, असा प्रश्न इथे आला आहे. ट्रायकोग्रामाचंच उदाहरण घ्या. उसाच्या खोडकिडीसाठी आपले शेतकरी पानामागे जी ट्रायकोकार्डं (हा कीटक आत वाढत असलेली अंडी चिकटवलेली कार्डं) टाचतात, त्यातला हा परोपजीवी कीटक. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याची मादी पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते आणि त्यातून निघालेली अळी पतंगाचं अंडं आतून खाऊन टाकते.

यातल्या बऱ्याच प्रजाती दिसायला अगदी सारख्या. रंगावर विसंबावं तर तो वाढीच्या काळातल्या तापमानानुसार फिका-गडद होतो. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या भारतीय संशोधकांनी 1971 मध्ये दाखवून दिलं की ओळखीची खरी खूण नराच्या जननेंद्रियात आहे. म्हणजे नर हवाच, तो पारदर्शक करून काचपट्टीवर नीट बसवायला हवा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग तपासायचा. हे काम फार नाजूक आहे. नमुना जरा कलला तरी आकार वेगळाच भासतो! भारतात वर्षानुवर्षं ट्रायकोग्रामाची 'ऑस्ट्रेलिकम' ही प्रजाती म्हणून वाढवलेला कीटक या तपासणीत वेगळा निघाला. आज त्याला 'किलोनिस' म्हणतात.

डीएनएची मदत होते, नक्कीच. पण ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो होलोटाइप संग्रहालयात जपलेला असलाच पाहिजे, नाहीतर पुढचा अभ्यासक पडताळणार कशाशी?