लेबल नको म्हणणाऱ्यांनो, आधी खर्चाचं बोला

सूरबहार: काल इथे कुणीतरी लिहिलं, की म्युझिक लेबल, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून विकणाऱ्या कंपन्या, हे दलाल आणि यूट्यूब असताना त्यांच्या दारात जाणारा गायक मूर्ख. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 1902 साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, म्हणून ते आज आपल्याला ऐकायला मिळतं. कंपनीने धंदाच केला, पण आवाज टिकला. आजही अरेंजर, वादक, स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ यांचे पैसे कोण घालतं? नव्या पोराच्या बापाने पीएफ मोडायचा का? बहुतेक गाणी पडतात. तो तोटा लेबल सोसतं.

खर्ज: आणि जे गाणं चालतं त्याचे पैसे लेबल प्रकाशनानंतर 60 वर्षं खातं! कॅसेटच्या जमान्यात मी भावगीतं गायलो. एकरकमी पाकीट, इंग्रजीतला करार, "इथे सही करा". त्यात "सर्व माध्यमे, सध्याची व भविष्यातील" असं कलम होतं. आज तीच गाणी ॲपवर आहेत. मला एक पैसा नाही, आणि माझं आडनावसुद्धा चुकीचं छापलंय. दुरुस्तीसाठी मेल केले, उत्तर नाही.

सूरबहार: तुमच्यावर अन्याय झाला, पण तो करार वाईट होता म्हणून. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले.

खर्ज: आणि गायक? लताबाईंनी साठच्या दशकात रॉयल्टी मागितली, रफीसाहेबांना ते पटलं नाही, दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत. कायद्याने आता गायकालाही हक्क दिलाय, पण तो वसूल करायला वकील कुठून आणू?

टाळकरी: तुमचे करार राहू द्या. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं, तर लगेच कॉपीराइट क्लेम! संतांच्या अभंगावर मालकी सांगणारे हे कोण?

सूरबहार: कोणता अभंग?

टाळकरी: कानडा राजा पंढरीचा.

ओवी: दादा, तो संतांचा नाही. गदिमांनी लिहिलाय, चाल बाबूजींची (सुधीर फडके), 1970 चा चित्रपट "झाला महार पंढरीनाथ". गदिमा 1977 ला गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे.

टाळकरी: आमचे आजोबा देवळात म्हणायचे! वारकऱ्यांनी आता कंपनीची परवानगी मागायची का? असली विद्वत्ता पुण्यात ठेवा.

ओवी: मी सोलापूरची आहे, आणि वारी माझ्याही घरात आहे. धार्मिक कार्यक्रमात गायला कायद्यात सूट आहे. यूट्यूबवरचा क्लेम मशीन टाकतं, त्याला सप्ताह कळत नाही. पण लिहिणाऱ्याचं नाव पुसून "पारंपरिक" लिहायचं, हा तरी कुठला न्याय? माझ्या वडिलांच्या चाली कीर्तनातून अशाच बिननावाच्या फिरतात.

टाळकरी: नाव घालतो, त्याला ना नाही. पण पैसे गदिमांच्या घरी जातात की कंपनीच्या खिशात, तेवढं सांगा.

खर्ज: नेमकं हेच. 2017 मध्ये जुन्या गाण्यांचा कारवां रेडिओ आला, घराघरात आजी-आजोबांना भेट गेला. जुन्या रेकॉर्डिंगवर नवा धंदा उभा राहिला. त्या गाण्यांत वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांना काय मिळालं?

सूरबहार: ती रेकॉर्डिंग जपली नसती तर विकायला काय उरलं असतं? बरं, एवढं मान्य करतो: मास्टरची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकी कायमची देऊ नये. ठरावीक वर्षांचा परवाना द्यावा आणि हिशेब दर सहा महिन्यांनी मागावा. पण लेबलच नको, हे मला अजूनही पटत नाही.

खर्ज: परवान्याचं पटलं, नाइलाजाने. आता एवढंच सांगा, त्या अटीवर नव्या, नाव नसलेल्या पोरावर पैसे लावणारं एक तरी लेबल तुम्ही पाहिलंय का?