मदत हवी आहे: एलडीएम सर्व्हरवर सकाळचा जीएफएस डेटा अर्धवट येतो

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात लिनक्स मशीनवर युनिडाटाचं एलडीएम (हवामानाचा डेटा इंटरनेटवरून सतत आणणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. कोयना-वारणेच्या पाणलोटातल्या पावसाचा अंदाज मुलांनी स्वतः काढून बघावा, एवढाच हेतू. २०१९चा पूर बघितलेल्या गावात या विषयाला मुलं कमी पडत नाहीत!

मेटार (विमानतळांवरच्या हवामान नोंदी) वगैरे मजकुराचा फीड व्यवस्थित येतो. अडचण कंड्युइटवरच्या (अमेरिकी हवामान मॉडेलांचा मोठा डेटा देणारा फीड) जीएफएसची, म्हणजे अमेरिकेच्या जागतिक हवामान मॉडेलची. ००झेड फेरी (ग्रीनिच वेळेनुसार मध्यरात्रीची) म्हणजे आपले पहाटे साडेपाच. तिच्या फायली नऊ-साडेनऊपासून यायला लागतात आणि नेमक्या तेव्हाच सगळ्या लॅब सुरू होतात. लेटन्सी (डेटा पोचायला होणारा उशीर) चढत चढत ३६०० सेकंदांच्या वर गेली की अंदाजातले मधले तास गायब. रात्री येणारी १२झेड फेरी मात्र पूर्ण उतरते.

मशीनचं घड्याळ एनटीपीला (नेटवरून अचूक वेळ देणारी सेवा) जोडलंय. एलडीएमचं पोर्ट ३८८ उघडं आहे. पीक्यूअ‍ॅक्टमध्ये (आलेल्या डेटाचं काय करायचं ते सांगणारी एलडीएमची फाईल) टॅबच आहेत, स्पेस नाहीत (हे कुणीतरी विचारणारच). डिस्कही रिकामी आहे.

माझा संशय लाइनवरच आहे. पण नेटवर्कवाले म्हणतात, "सर, स्पीड टेस्ट तर चांगली येतेय." अमेरिकेपर्यंतच्या एकाच कनेक्शनला तो स्पीड मिळतो का, हे त्यांना कसं पटवू?

एलडीएमच्या सेटिंगमधली रिक्वेस्टची ओळ (कोणता डेटा हवा ते सांगणारी) पॅटर्नने पाच भागांत तोडली तर फरक पडतो असं वाचलंय. कुणी केलंय का? कंड्युइटसाठी तुमचा पॅटर्न कसा आहे? की सरळ नोमॅड्सवरून (अमेरिकी हवामान खात्याचा डेटा सर्व्हर) फक्त पावसाचे फील्ड, तेही आपल्या भागापुरते, उतरवून घ्यावेत? जूनच्या आत हे मार्गी लावायचंय.