रणभूमीवरची पदभ्रमंती : आपले अनुभव सांगावेत

घणसोलीकर

२ फेब्रुवारीच्या उंबरखिंड पदभ्रमंतीचे निमंत्रण काल सोसायटीच्या ग्रुपवर आले आणि काही वर्षांपूर्वी याच दिवशी मी कुरवंड्याहून चावणीला उतरले होते, ते सारे आठवले. १६६१ साली मुघल सुभेदार शाहिस्तेखानाने पुण्याहून आपला सरदार कारतलबखान याला उत्तर कोकणात पाठवले, तेव्हा त्याचा डोळा कल्याण, भिवंडी, पनवेल या भागावर होता. म्हणजे आज आपण जिथे संसार थाटले आहेत, त्याच मुलखासाठी उंबरखिंडीत शिवाजी महाराज आणि खान यांची ही लढाई झाली.

नागफणीचा सुळका मागे टाकून घाट उतरू लागलो, तेव्हा वरचा वारा पहिल्या वळणावरच थांबला. पायाखाली मुरूम सरकत होता, वाळलेला पाचोळा घोट्यापर्यंत येत होता आणि आपल्याच पावलांच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नव्हते. खिंडीत पोहोचल्यावर वाटाड्या दादांनी सर्वांना गप्प उभे केले आणि आधीच वर चढवून ठेवलेल्या दोन मुलांना शीळ घालायला सांगितले. शीळ स्पष्ट ऐकू आली. परंतु ती उजवीकडून आली की डावीकडून, यावर आमचे एकमत होईना. बंदुका, सामानसुमान आणि तहानेने कासावीस झालेली जनावरे घेऊन येथे सापडलेल्या सैन्याची अवस्था काय झाली असेल, हे मला त्या क्षणी कळले. खानाच्या सैन्यातील माहूरच्या रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला का दिला, हेही तिथेच उमगले. महाराजांनी खंडणी आणि सामान ठेवून घेतले व सैन्याला जिवंत परत जाऊ दिले. माझ्या मते या लढाईचे मोठेपण या निर्णयातही आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

आपणही कुठल्या रणभूमीवर असे चालला असाल, तर अवश्य लिहावे.

नौपाड्याची लेक

ताई, शिळेचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालले आहे. मसाई पठारावर धुके इतके दाट होते की पुढच्या माणसाचा रेनकोट दिसेनासा झाला की हाक मारावी लागे, आणि पठार उतरल्यावर भातखाचरांच्या बांधावरून चिखल तुडवत जायचे. आम्ही हे अंतर दोन दिवसांत, वाटेत गावातल्या घरी मुक्काम करून आणि गरम पिठलं-भात खाऊन पार केले. १६६० साली मावळ्यांनी तेच अंतर सिद्दी जौहरचा वेढा फोडून, पाठलाग अंगावर घेत, रात्रभर पावसात धावत कापले आणि त्यानंतर बाजीप्रभू व बांदलांचे लोक घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पावनखिंडीत, लढायला उभे राहिले. शाळेत हे सारे पाठ केले होते, पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझे गुडघे वाकत नव्हते, तेव्हा ‘उभे राहिले’ या दोन शब्दांचे वजन समजले. महाराजांचे रूप घेऊन शत्रूला हुलकावणी देणाऱ्या शिवा काशिद यांचे नाव मात्र आमच्या गटातील कित्येक मुलांना ठाऊक नव्हते, याचे फार वाईट वाटले.

कळवेकर

आपण सगळे लांब जातो, याचा आनंदच आहे. पण ठाण्याचा किल्लाही रणभूमीच आहे. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची सुरुवात तिथून झाली; मे १७३९ मध्ये वसई पडली. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह असल्याने आत पाऊल टाकता येत नाही. तरीही खाडीच्या बाजूने तटबंदीचा इतिहास सांगत एखादी फेरी काढता येईल, असे मला मनापासून वाटते. कोणी पुढाकार घेतल्यास मी येईन.

नौपाड्याची लेक

दादा, माझेही नाव घाला. आमच्या घरापासून कारागृह चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मुलांना मी आजवर एवढेच सांगत आले की तिथे तुरुंग आहे.

खारघरहून

कुकर लावला आहे, म्हणून थोडक्यात विचारते. सासूबाईंना उंबरखिंड पाहण्याची फार इच्छा आहे, परंतु त्यांना घाट उतरणे शक्य नाही. काही उपाय आहे का?

घणसोलीकर

आहे. त्यांना घाटाने आणूच नका. खोपोली-पाली रस्त्याने गाडी चावणीपर्यंत नेता येते आणि आंबा नदीच्या पात्रात उभारलेले स्मारक तेथून जवळ आहे. फेब्रुवारीत पाणी कमी असते, पण दगड गुळगुळीत असतात, म्हणून पात्रात उतरताना त्यांचा हात धरा आणि काठी सोबत असू द्या. पदभ्रमंतीचे लोक घाट उतरून दुपारी स्मारकापाशी येतात व तिथे लढाईचे कथन होते. आपण उन्हाच्या आधी पोहोचून सावली धरलीत, तर काकूंना ते सारे बसून ऐकता येईल. पिण्याचे पाणी मात्र घरूनच भरपूर आणावे.