विश्वास वाटला, की साक्ष दिली?

मेधा: एका ओळखीच्या आजींच्या आठवणींची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय. आजी नगर भागात खेडोपाडी जाऊन बायकांना येशूबद्दल सांगत. मूळ इंग्रजीत ‘शेअर्ड हर फेथ’ आहे, त्याचं ‘त्यांनी आपला विश्वास अनेकांबरोबर वाटला’ असं लिहिलं आणि वाचून स्वतःच दचकले. विश्वास वाटतो म्हणजे भरवसा वाटतो, तो पेढ्यांसारखा कसा वाटणार? ‘साक्ष दिली’ केलं, तर तपासणारे म्हणाले, कोर्टातलं वाटतं.

नगरकर: साक्षच ठेवा. आमच्या मंडळीत उपासनेत उभं राहून साक्ष देतात. माझी आई पदर सारखा करायची, पुढच्या बाकाला धरून उभी राहायची आणि म्हणायची, “पोरगं तापातनं उठलं, प्रभूची साक्ष देते.” कोर्ट कुणाच्या मनातही येत नाही.

दिगंबर: साक्षीच्या पोटात ‘अक्ष’ आहे, म्हणजे डोळा. डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो तो साक्षी. ग्रीकमध्ये साक्षीदाराला ‘मार्तिस’ म्हणत, हुतात्मा या अर्थाचा इंग्रजी ‘मार्टर’ त्यातूनच आला. एवढ्या वजनाचा शब्द सोडू नका.

वसईची लेक: सरळ ‘सुवार्ता सांगितली’ लिहा ना. आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधून वाचतात ते शुभवर्तमान, पण सांगायची ती सुवार्ता.

सुहास: आमच्या तरुण संघात ‘आज शेअरिंग कोण करणार?’ असंच विचारतात. बोलतात तेच लिहावं.

दिगंबर: अजिबात नको. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, तरी १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण मराठी ओवीतच छापलं गेलं. परक्या माणसाला मराठी पुरली, आपल्याला पुरत नाही?

सुहास: ‘बाप्तिस्मा’ कुठे मराठी आहे? तो रुळलाच ना?

नगरकर: शब्दापेक्षा माणूस बघा. कवी ना. वा. टिळक राजनांदगावला निघाले होते, तेव्हा आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्याने बायबलचा नवा करार हातात दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, त्या पुढे स्वतःच्या विचाराने आल्या. टिळकांची भजनं आम्ही आजही दर रविवारी म्हणतो. सुरुवात मात्र त्या प्रवाशापासून.

मेधा: मग त्या प्रवाशाने काय केलं म्हणायचं? साक्ष म्हणावी, तर त्याने स्वतःबद्दल कुठे काही सांगितलं? ‘प्रचार’ तर नकोच, त्याला निवडणुकीचा वास येतो. आजी स्वतः संध्याकाळी घरी आल्या, की पाय धुता धुता एवढंच म्हणत, “चार घरी सांगून आले.”

वसईची लेक: किती छान! बाप्तिस्म्याचा विषय निघालाच आहे म्हणून, आमच्याकडे त्याला स्नानसंस्कार म्हणतात. नगरकडे हा शब्द चालतो का?