नाकातलं मांस परत वाढलं, लेझर करावं का?

खानापूरची वहिनी:
आमच्या भावोजींच्या उजव्या नाकात मांस वाढलंय. लालभडक, वर बारीक पांढरे ठिपके. शिंकरलं की रक्त. गेल्या वर्षी एका दवाखान्यात काढलं, पण तपासायला पाठवलंच नाही. आठ महिन्यांत परत आलं. आता बेळगावात तुकडा तपासला, रिपोर्टात ऱ्हायनोस्पोरिडिओसिस, म्हणजे नाकात असं मांस वाढवणारा संसर्ग. डॉक्टर लेझर म्हणतात, खर्च जास्त आहे. सासूबाईंनी तर त्यांचं ताट, टॉवेल सगळं वेगळं काढलंय. लेझर लागतंच का?

मलप्रभाकाठचा:
ताट आधी परत एकत्र करा वहिनी, माणसाकडनं माणसाला लागत नाही हे, पाण्यातनं लागतं म्हणतात. मी सांगतो, मला दोनदा झालंय. वाळू काढायला नदीत बुड्या मारायचो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कुठल्या पाण्यात उतरता?

पहिल्यांदा नुसतं उपटून काढलेलं, बुडखा तसाच. वर्षात परत. दुसऱ्यांदा हुबळीला लेझरनं केलं. मांस काढायचं आणि ते जिथं चिकटलेलं असतं ती जागा नीट जाळायची, खरं काम एवढंच. साध्या कॉटरीनं, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणानंही जाळतात. लेझरनं रक्त कमी गेलं, पहिल्या वेळी नाकात कोंबलेली पट्टी काढताना जीव गेला होता, तसलं काही झालं नाही. पण परत येणारच नाही असं मला कुणी लिहून दिलं नाही. म्हणून पैसे नसतील तर कॉटरी करा, पण बुडखा जाळणार का हे तोंडावर विचारा.

कान-नाक-घसा, निवासी डॉक्टर:
बरोबर. कर्करोग नाही हा. बरीच वर्षं बुरशी समजत होते, पण ती बुरशी नाही, त्यामुळे बुरशीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. ऑपरेशननंतर काही डॉक्टर डॅप्सोन देतात, बऱ्याचदा रोज 100 मिलिग्रॅम, काही महिने. त्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर काहींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बरं वाटलं तरी दुर्बिणीनं नाक तपासून घेत राहा. आणि तळ्यात पोहणं बंद.

खानापूरची वहिनी:
पोहत नाहीत हो ते. पण आत्ता विचारलं तर म्हणाले, म्हशी रोज तळ्यातच धुतो की. स्वतःही त्यातच बुडी मारून येतात! गेल्या वर्षी हे कुणी विचारलंच नव्हतं. बोअरच्या पाण्यानं धुवा म्हटलं तर हसायलेत.

मलप्रभाकाठचा:
हसू देत. मीपण हसलो होतो.